आमच्या सहलींचा मॅनेजर

कुठल्याही ठिकाणी जायच्या आधी मॅनेजर ते ठिकाण पाठ करून यायचा. ऑफिसात तो मॅनेजर नव्हता. अमेरिकेतल्या बॉथेलमधल्या एका कंपनीत आमच्यासारखाच सॉफ्टवेअर टेस्टिंग करायचा. पण आमच्या सहा जणांच्या ग्रुपची प्रत्येक सहल त्यानंच आखलेली, म्हणून हे नाव. पार्किंग कुठे मिळतं, कुठल्या वळणावर फोनची रेंज जाते, सगळं त्याला ठाऊक. "डोळ्यांना आधी सांगून ठेवावं लागतं काय बघायचंय," तो म्हणायचा, "नाहीतर ते नुसते भटकतात."

दुसरी सवय म्हणजे सगळं जास्तीचं घ्यायची. हातमोज्यांचा एक जादा जोड, बोट लागू नये म्हणून गोळ्या, चहाचा भलामोठा थर्मास. कोणीतरी विसरणार हे तो धरूनच चालायचा, आणि विसरणारा बहुधा मीच असायचो. मी पुण्याचा, तो नागपूरचा; सात वर्षं आमच्या इमारती शेजारी होत्या. एकदा मी तापानं पडलो तेव्हा चार दिवस त्यानं खिचडी आणून दिली. मी फारच आभार मानायला लागलो तर म्हणाला, "उपकार नाहीत रे, कुकर मोठा आहे."

अलास्काची सहलही त्याचीच. लाँग वीकेंडला आम्ही गेलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हिमनदी दाखवणाऱ्या बोटीत बसलो. वाटेत त्यानं आम्हाला बर्फ निळा का दिसतो ते समजावलं. बोट हिमनदीसमोर थांबली, इंजिन बंद झालं, तसा तो म्हणाला, "आता कोणी बोलू नका." मिनिटभरानं आतून गडगडाट झाला आणि इमारतीएवढा कडा पाण्यात कोसळला. आमच्यातल्या केतकीच्या डोळ्यांत पाणी आलं. "मॅनेजर, थँक यू यार," ती म्हणाली. तो लहान मुलासारखा हसला.

परत फिरताना आम्ही केबिनमध्ये जेवायला बसलो, मी मॅनेजरच्या शेजारी. केतकीचा नवरा सलील सकाळपासून वैतागलेला होता. तिकडे भारतात त्याच्या भाच्याला हवं ते कॉलेज मिळालं नव्हतं. "त्याची सीट कोण घेऊन गेलं, माहितीये ना?" तो म्हणाला. "ते लोक. यांना सगळं फुकट. मॅनेजर, तुमच्या नागपूरला तर हे फारच असेल."

मॅनेजर थर्मासचं झाकण उघडत होता. "मी त्याच लोकांतला आहे," तो म्हणाला. "आम्ही बौद्ध. माझं इंजिनिअरिंगही कोट्यातूनच झालं."

त्याच्या आडनावावरून काही कळत नव्हतं, आणि तो आपल्यातलाच, असं आम्ही सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

केतकीला सावरून घ्यायचं होतं. "अरे, पण तू तसा वाटत नाहीस!"

"तसा म्हणजे कसा?"

त्यानं सगळ्यांसाठी चहा ओतला. सकाळी तीन कप पिणारा सलील म्हणाला, "नको, पोट ठीक नाहीये." केतकीनं कप घेतला, पण ओठाला लावला नाही. शरमेनं की आणखी कशानं, ते मला आजही ठरवता येत नाही. आणि मी? मी फोन काढून मागे पडणाऱ्या हिमनदीचे फोटो घेत बसलो. एकाच बर्फाचे एकतीस फोटो आहेत माझ्याकडे.

महिन्याभरात सलीलनं व्हॉट्सअ‍ॅपवर नवा ग्रुप काढला. उगाच कोणाला अवघडायला नको म्हणे. त्यात आम्ही पाच जण होतो. मी तो सोडला नाही.

हिवाळ्यात मॅनेजरनं देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, कॅरी नावाच्या गावात नोकरी धरली. मी सामान बांधायला मदत करायला गेलो. "सलील तसा वाईट नाही रे," मी म्हणालो, "बोलून जातो."

तो खोक्याला टेप लावत होता. "सलीलचं राहू दे. त्याच्याकडून मला काही नकोच होतं. तू माझ्या शेजारी बसला होतास."

मी सगळी खोकी उचलून दिली.

पुढच्या दिवाळीत मी धीर करून त्याला फोन लावला. दुसऱ्याच रिंगला त्यानं उचलला. "बोला," तो म्हणाला. "कसे आहात तुम्ही?"