कामापुरतं उघडं

कमरेखाली भूल दिलेली, त्यामुळे पाय माझा राहिलाच नव्हता. पण डोक्यावरच्या मोठ्या दिव्याच्या चकचकीत कडेत तो दिसत होता, लहानसा, दूरचा. त्यात हाड सोललेल्या बदामासारखं पांढरं. डॉक्टरांनी त्याच्या शेजारी स्टीलची अरुंद पट्टी धरली.

"सर, अजून थोडं उघडू?" मदतनीस डॉक्टर मुलीनं विचारलं.

"नको. प्लेट बसेल एवढं पुरे. जास्त उघडलं तर हाडाचा रक्तपुरवठा तुटतो, मग ते जुळत नाही लवकर." मग मला म्हणाले, "काका, वर काय बघताय? आमच्या चुका शोधताय?"

मी नुसता हसलो. दिव्यातलं ते मोजमाप स्वप्नासारखं तरंगत राहिलं. माणसानंही असंच मोजून उघडावं का? मी तर कधी उघडलोच नाही. जिन्यावरून पडलो, एवढंच बायकोला सांगितलं होतं. जिना कुणाचा, ते नाही.

खोलीत आणल्यावर ती उशाशी बसली. मी लागेल तेवढंच बोललो. "तो जिना दादाचा होता. दारापर्यंत गेलो, पण इतक्या वर्षांच्या अबोल्यानंतर बेल वाजवायला हात उचलेना. परत फिरलो आणि पाय घसरला."

तिनं चादर सारखी केली. "माहीत आहे. त्यांच्या शेजाऱ्यांनी ओळखलं तुम्हाला. दादा सकाळपासून खाली बाकावर बसलेत. वर यायचा त्यांनाही धीर होत नाहीये."

पायात हळूहळू ठणका परत येत होता.

"बोलाव," मी म्हणालो.