जंगबारहून आलेला पाहुणा

आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळच्या जंगबारला मी देवाचं काम करायला गेलो होतो, असं आमच्या ठाण्याच्या आळीत अजून बोललं जातं. प्रत्यक्षात मी तिथे पोरांकडून प्रार्थना घोकून घेतल्या, वेदीवरच्या मेणबत्त्या बदलल्या आणि जाता-येता आगबोटीच्या कठड्याला धरून ओकलो. आमच्या शाळेतल्या एका गोऱ्या पाद्रींची तिकडे काही काळापुरती नेमणूक झाली होती. तिथल्या बाजारात कच्छी व्यापाऱ्यांमुळे हिंदुस्थानी चालते, म्हणून ती भाषा येणारा एक विद्यार्थी त्यांना सोबत हवा होता. त्यांनी उन्हाळ्याच्या सुट्टीपुरतं मला उचललं आणि सुट्टी पुरेना तेव्हा पावसाळ्याचे महिनेही तिला जोडून टाकले. मला वाटलं, माझी भक्ती पाहून निवड झाली. त्या वयात मला स्वतःबद्दल असं पुष्कळ काही वाटत असे.

जंगबारचा गुलामांचा बाजार बंद होऊन तेव्हा काही वर्षं झाली होती. मिशनच्या वाडीत राहणारी माणसं त्यातूनच सुटून आलेली. त्यांतला एक माझ्याच वयाचा होता. अगदी लहान असताना त्याला एका गलबतातून सोडवलं होतं; आईबाप कोण, गाव कुठलं, काही ठाऊक नाही. मिशनमध्ये वाढला, सुतारकाम शिकला आणि आता दुसऱ्यांना शिकवत होता. लाकूड आणायला बाजारात जाऊन जाऊन त्याला मोडकीतोडकी हिंदुस्थानी येई, आणि माझीही काही फार धड नव्हती, त्यामुळे आमचं चांगलं जमलं. तो थट्टेखोर होता. मी प्रवचनाचा आवाज लावला की माझ्यामागे उभा राहून तसाच हात हलवायचा, आणि पोरं का हसतात ते मला कळायचं नाही.

वाडीतला स्वयंपाक एक म्हातारी करायची. तिला सगळे ‘मामा’ म्हणत. तिकडे आईला मामा म्हणतात हे कळल्यावर माझी हसून पुरेवाट झाली. जेवायला एक मोठी लाकडी परात मध्ये ठेवत आणि सगळे तिच्याभोवती बसून त्यातच हात घालत. पहिल्या दिवशी माझा हात पुढे जाईना. म्हातारीने ते बघितलं, भाताचा एक घास वळला आणि सरळ माझ्या तोंडात कोंबला. सगळी वाडी हसली. त्यानंतर मी रोज त्या परातीला बसलो, आणि खोटं कशाला सांगू, ते जेवण मला आवडू लागलं.

फक्त जेवून गप्प बसलो असतो तर बरं झालं असतं. पण मी पडलो धर्म शिकवायला आलेला. एका रविवारी सगळ्यांपुढे उभा राहून मी सांगितलं की, जेजूच्या, म्हणजे येशूच्या, घरात कोणी उंच नाही, कोणी नीच नाही, आणि आमच्या गावीही आम्ही असेच एका ताटात जेवतो. मित्राला तर वेगळं सांगितलं, माझी आई ती तुझी आई. ते बोलताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. बोलण्याला काही पैसे पडत नव्हते.

मग असं झालं की, घाटावरच्या एका मिशनला सुतारकाम शिकवणारा माणूस हवा होता आणि पाद्रींनी याला पाठवायचं ठरवलं. आगबोट तीच, मीही परत निघालेलो. तिकडची व्यवस्था होईपर्यंत तो माझ्या घरी राहणार होता. बोटीवर मी ओकत पडलेला असताना तो उशाशी बसून विचारायचा, आईला काय आवडतं, तिला काय म्हणू, पाया पडू की हातावर ओठ टेकू. जसजसा देश जवळ येत गेला तसतसा मी कमी बोलू लागलो.

आम्ही खाडीकाठचे जुने क्रिस्तांव. पोर्तुगिजांच्या अमदानीत आमच्या कोणा पूर्वजाने धर्म बदलला, पण जात त्याने बरोबर आणली. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. फक्त जंगबारला त्याची आठवण झाली नाही.

आम्ही घरी पोचलो तेव्हा आय ओटीवर भात पाखडत होती. मला पाहून सूप टाकून उठली, गळ्यात पडली, रडली. मग तिची नजर मागे गेली. तो पुढे होऊन दोन्ही हात जोडून म्हणाला, “मामा.”

“ह्यो मना मामा कनाला बोलतं?” आयने मला बाजूला घेऊन विचारलं.

“त्यांच्यात आईला बोलतात. मिशनमधला आहे आय, क्रिस्तांव आहे.”

“क्रिस्तांव तं आपुन सगलेच. जात कंची त्याची?”

“त्यांच्यात जात नसते.”

“नसते कशी? तुला ठाव नसंल.”

इथे मी काहीतरी बोलायला हवं होतं. परातीची गोष्ट, म्हातारीच्या घासाची गोष्ट तिला सांगायची ती हीच वेळ होती. मी म्हणालो, “चार दिवसांचा पाहुणा आहे आय, तुझ्या मनाला येईल तसं कर.” आणि तिने तसंच केलं.

आम्हाला घरात पितळ्या वाढल्या, त्याला ओटीवर केळीचं पान. विहिरीवर त्याला जाऊ दिलं नाही. आय स्वतः पाणी शेंदून त्याच्या घागरीत लांबून ओतायची. पाणी प्यायला मागितलं की ती तांब्या उंच धरायची आणि खूण करून त्याला ओंजळ पुढे करायला लावायची. बिछाना ओटीवर, मेंढीच्या जुन्या घोंगडीचा. तो गेल्यावर ती घोंगडी गड्याला द्यायची, हेही तिने आधीच ठरवून टाकलं होतं.

आणि तो खूश होता. “तुम्ही त्याच पोचे पडलेल्या थाळ्यांतून जेवता,” मला म्हणाला, “माझ्यासाठी मात्र दर वेळी नवं हिरवं पान. माझ्या अंघोळीचं पाणी तुझी आई स्वतः काढते. पाणी तर स्वतःच्या हाताने पाजते. आमच्याकडे सुलतानाला तरी असं कोणी पाजत असेल का?” मी म्हणालो, “आमच्याकडे पाहुण्याला असंच करतात.” एकदा हे बोलून बसल्यावर मला दुसरं कामच उरलं नाही. शेजारी आले की मी त्याला खाडीवर फिरायला न्यायचो. आळीतली पोरं काही बोलतील म्हणून त्यांच्यावर डोळे वटारायचो. त्याला कळू नये, एवढीच माझी धडपड, आणि त्या धडपडीला मी मैत्री समजत होतो.

आय दुष्ट नव्हती, हे सांगितलं पाहिजे. घोळ मासा आणला त्या दिवशी डोक्याचा तुकडा तिने मला न देता त्याच्या पानावर टाकला. “बिन आयचा पोर हाय, खाऊ दे,” म्हणाली. टाकला मात्र वरून.

रविवारी देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, मिस्साची उपासना झाल्यावर मला परदेशाबद्दल बोलायला उभं केलं. मी परातीची गोष्ट सांगितली. आता हिंमत झाली, कारण ती प्रवचन म्हणून सांगायची होती. बायका डोळे पुसू लागल्या. आयनेही पदर डोळ्याला लावला. तो शेवटच्या बाकामागे उभा होता. मराठी कळत नव्हती, तरी मान डोलवत होता. घरी आल्यावर त्याला तहान लागली आणि आयने रडून लाल झालेल्या डोळ्यांनी तांब्या उंच धरला. मी मागच्या दाराने परसात निघून गेलो. त्या वेळी आयचा राग आला होता की स्वतःचा, हे मला नीट सांगता येत नाही. लाज वाटली एवढं नक्की.

निघायचा दिवस आला. घाटावर जाणारी गाडी कल्याणला पकडायची होती, म्हणून मी तिथवर गेलो. गाडीला वेळ होता. तो म्हणाला, बाजार बघू. कल्याणच्या बाजारात तांबटाच्या दुकानापुढे तो थांबला आणि त्याने एक तांब्या घेतला. सुतारच तो, काठ, बूड, सांधा सगळं बोटाने तपासून घेतला.

“याचं काय करणार?” मी विचारलं, आणि उत्तर ऐकायच्या आधीच मला ते कळलं होतं.

“घाटावर माझ्याकडे कोणी आलं की तुझ्या आईसारखं पाजीन. पोरांनाही शिकवीन.”

फलाटावर उन्हाने माझा घसा सुकला होता. पाणक्याने त्याच्या तांब्यात लांबून पाणी ओतलं आणि तो ते सांभाळत माझ्याकडे घेऊन आला. “बस,” म्हणाला. मी उकिडवा बसलो, ओंजळ धरली. तो काळा, उंच, पाद्रींनी दिलेला कोट घातलेला माणूस माझ्यासमोर उभा राहिला, आणि त्याने आयसारखाच हात उंच करून अगदी बारीक धार धरली.

शेजारी बोचक्यांवर एक कुटुंब बसलं होतं. त्यातल्या बाईने माझ्याकडे पाहिलं, आपलं फराळाचं गाठोडं माझ्यापासून लांब ओढलं आणि मुलीला जवळ घेतलं.

त्या क्षणी मला आयचं वागणं आठवायला हवं होतं. माझ्या मनात आलं ते वेगळंच: ही लोकं मला कोण समजली? मी ओंजळ सोडली, पाणी सदऱ्यावर सांडलं, झटकन उभा राहिलो आणि आमच्या आळीतलं कोणी फलाटावर आहे का ते बघायला चहूकडे मान फिरवली.

मान परत वळवली तेव्हा तो माझ्याकडेच बघत होता. मग त्याने त्या बाईकडे पाहिलं, तिच्या गाठोड्याकडे पाहिलं. तांब्या अजून त्याच्या हातात तसाच उंच होता. तो त्याने हळूहळू खाली आणला. मला वाटलं आता थट्टा करेल, नाहीतर शिवी देईल. त्याने तांब्याला तोंड लावून उरलेलं पाणी पिऊन टाकलं.

गाडी आली. चढताना तो पायरीवर थांबला आणि म्हणाला, “मला कळलं, हे तुझ्या आईला सांगू नकोस. तिला वाईट वाटेल.”