छ्या अण्णांचं माळवद

छ्या अण्णांनी आयुष्यात कशालाच चांगलं म्हटलं नाही. नगरकडच्या कर्जत तालुक्यातल्या आमच्या गावचे ते शेवटचे माळवदाचे गवंडी. तुळयांवर फळ्या आणि फळ्यांवर हातभर माती, असली छपरं त्यांच्याइतकी कुणालाच कळत नव्हती. कुणाच्या नव्या बंगल्यापुढून गेले तरी "छ्या!" म्हणून थुंकत.

पणजोबांनी नगरहून गाड्या भरभरून सागवान आणलं आणि हे घर उभारलं, असं आमच्याकडे छाती काढून सांगतात. मीही अण्णांना सांगितलं. त्यांनी तुळईवर नख ओढलं. "छ्या! बाभूळ हाय ही, वढ्याकाठची. तुझ्या पणज्यानं दोन बैलांपुरता गोठा मागितला हुता. माझ्या आज्याला दया आली, घर करून दिलं."

त्यांना बोलवायची पाळी माझ्यामुळेच आली. आठवीत शाळा सोडून मी तमिळनाडूत कारखान्यात लागलो. घरी आई एकटी. भिंतीचे पोपडे निघतात म्हणाली, तर मी शहाण्यानं फोनवरच ठेकेदार गाठला आणि मातीच्या भिंतींना आतून-बाहेरून सिमेंट मारून घेतलं. फोटो खोलीतल्या सगळ्या पोरांना दाखवले. दोन पावसाळ्यांत ओल आतल्या आत कोंडली, तुळईचं टोक कुजलं, आईच्या अंथरुणावर ढेकळं पडायला लागली. ती घर सोडेना. इकडून मी रोज फोन करून आज काय पडलं ते विचारायचो.

रजा काढून आलो. अण्णांनी कुजक्या टोकात बोट घातलं, ते पेरभर आत गेलं. "भिताडाला श्वास लागतो. आईचं नाक दाबून बघ, म्हंजी कळंल." छिन्नी माझ्याच हातात दिली. "तू थापलंस, तूच काढ."

मी सिमेंट उकरत होतो, ते खाली बसून माझा उद्धार करत होते. "आठवीत सोडलीस व्हय? लई उशीर केलास." तुळईला नवं टोक त्यांनीच जोडलं. मातीचा गारा मात्र मला तुडवायला लावला. भुसा कधी टाकायचा, शेण किती, छपराला गावठाणातली पांढरी मातीच का, सगळं सांगितलं. शाळेत मला कुणी एक गोष्ट दुसऱ्यांदा समजावली नव्हती. अण्णा शिव्या घालत दहादा समजावत.

निघताना पाया पडलो. "पाय सोड. दर वैशाखात वर नवी माती पडली पायजे. मानसं लावू नको, स्वतः चढ. आमी काय जल्मभर पुरतो?"

या हिवाळ्यात अण्णा गेले. मला पोहोचता आलं नाही.

वैशाखात सुपरवायझरकडे रजा मागितली. घरावर माती टाकायचीय म्हटल्यावर तो पोट धरून हसला. तरी आलो. एकट्यानं घमेली वर चढवली, पसरली, चोपली. चुकलो तर टोकायला खाली कुणी नव्हतं.

आषाढात आईचा फोन आला. पलीकडे पाऊस असा कोसळत होता, की तिचा आवाज नीट येईना.

"आई, आत काय पडतंय का?"

"काय पडायचंय? मी पडलीय की निवांत, वाकळ घिऊन. ठेव आता, कामाला लाग."