मेव्हिसची वहिवाट

मेव्हिस क्लेगला आभार मानायचं वळणच नव्हतं. ज्या गावात बसमधून उतरताना ड्रायव्हरला थँक्यू म्हटल्याशिवाय कुणाचा पाय जमिनीला लागत नाही, आणि दुसऱ्याने आपल्या पायावर पाय दिला तरी सॉरी आपणच म्हणायचं असतं, त्या क्रॅगली ब्रिजमध्ये ही बाई एकाहत्तर वर्षं कशी खपली हे पाद्रीबाबांनाही सांगता आलं नसतं. शाळेच्या स्वयंपाकघरात तिने सव्वीस वर्षं बटाटे उकडले. एकदा हेडमास्तर ताट घेऊन अदबीने म्हणाले, "मिसेस क्लेग, फार त्रास होणार नसेल तर थोडी ग्रेव्ही जास्त मिळेल का?" मेव्हिस म्हणाली, "डाव तिथं आहे, हात तुमच्याकडे आहेत."

पण गुरुवारी दुपारी अडीच वाजता ती कालव्याच्या दुसऱ्या लॉकपाशी, म्हणजे बोटी चढवण्या-उतरवण्याच्या पाणदारापाशी, पोचली नाही, असं चौतीस वर्षांत चारदोनदाच झालं असेल. तिथून तिची धाव सुरू व्हायची. पूर्वी घोडे बोटी ओढत चालायचे त्या काठाच्या वाटेने दोन मैल, बोटींच्या धुराड्यांतला कोळशाचा धूर नाकात घेत. मग दगडी पुलावरून पलीकडे आणि थेट हॅग वूडच्या रानात. पायाखाली बीच वृक्षांच्या मुळ्या, मे महिन्यात रानलसणाचा वास आणि बाराही महिने घोट्याएवढा चिखल. रान संपलं की शेताच्या बांधावरून खाली गावात. एकूण साडेपाच मैल. यातलं रान काढून घेतलं तर परतायला उरतो तो लॉऱ्यांचा हमरस्ता, ज्याला फुटपाथसुद्धा नाही.

ही धाव सुरू झाली ती अपमानातून. दोन्ही मुलं शाळेत जायला लागल्यावर सदतिसाव्या वर्षी मेव्हिस गावच्या धावण्याच्या क्लबात नाव घालायला गेली. आठवड्याने क्लबचा सेक्रेटरी क्लिफर्ड बॅरक्लो याचं पत्र आलं. पत्र इतकं गोड, की नकार शोधायला ते दोनदा वाचावं लागलं. मैलाला नऊ मिनिटांहून जास्त वेळ लागणाऱ्यांना सभासद करून घेता येत नाही, त्याबद्दल कमिटी अत्यंत दिलगीर आहे, आपल्या उत्साहाचं मात्र मनापासून कौतुक.

"कौतुक घाला चुलीत," मेव्हिस म्हणाली. पुढच्या गुरुवारी स्वयंपाकघरातल्या दोघी आणि बेकरीतली ग्लेनिस यांना घेऊन ती स्वतःच निघाली. हळूहळू लाँड्रीतल्या आल्या, टपालातल्या आल्या, नव्या बाळंतिणी आल्या, नवरे गेलेल्या आल्या. क्लबवाले त्यांना 'बदकं' म्हणायला लागले. बायकांनी छातीवर पिवळं बदक असलेले टी-शर्ट शिवून घेतले आणि त्या विषयावर पडदा टाकला.

रान म्हाताऱ्या होल्डनसाहेबांचं होतं. ते वारले आणि त्यांचं घर, रान, सगळं लंडनहून आलेल्या ट्रिस्टन पेल नावाच्या माणसाने घेतलं. महिन्याभरात पुलापाशी लोखंडी फाटक आलं, फाटकाला कुलूप आलं, कुलपावर पाटी आली: खासगी मालमत्ता. त्या गुरुवारी पंधरा बायका त्या पाटीसमोर घाम पुसत उभ्या राहिल्या. ग्लेनिस म्हणाली, "आता काय गं?"

"आता भांडायचं," मेव्हिस म्हणाली.

कायदा तसा साधा होता. लोकांनी वीस वर्षं एखाद्या वाटेची वहिवाट केली असेल, कुलूप-कुंपण मोडून नव्हे, लपूनछपून नव्हे आणि मालकाला न विचारता, तर ती वाट सगळ्यांची होते. विचारून गेलात तर तुम्ही पाहुणे, आणि पाहुण्याला घर नावावर करून मागता येत नाही. कौन्सिलच्या कचेरीतून मेव्हिसने फॉर्मांचा गठ्ठा आणला. बदकांनी आपापले भरले. क्लबचे भरून घ्यायचं काम क्लिफर्डने अंगावर घेतलं, कारण क्लबच्या मंगळवारच्या धावेची वाटही तीच होती.

तिथेच घात झाला. क्लिफर्डने साठ फॉर्म गोळा केले आणि कौन्सिलात देऊनही टाकले. मग पबच्या वरच्या खोलीत बैठक भरली तेव्हा तो अभिमानाने उठून म्हणाला, "मी सोबत आपली फाईलसुद्धा जोडली. दर जानेवारीत मी होल्डनसाहेबांना लिहायचो, यंदाही आमच्या सभासदांना आपल्या रानातून धावू द्यावं ही नम्र विनंती. आणि दर वर्षी त्यांचा होकार यायचा. एकतीस पत्रं! आपण किती सभ्यपणे वागलो त्याचा पुरावा."

मेव्हिसने हातातला पोर्कचा पॅटिस खाली ठेवला. "क्लिफर्ड, फॉर्मावर काय छापलंय ते वाचलंस का रे?"

"वाचलं की."

"न विचारता, असं छापलंय. आणि तू विचारलं होतंस हे तूच त्यांच्या हातात नेऊन दिलंस. एकदा नाही, एकतीसदा."

क्लिफर्डचा चेहरा पांढराफटक पडला. "पण न विचारता कसं जायचं गं दुसऱ्याच्या जागेतून?" तो म्हणाला. त्याला खरंच कळत नव्हतं. असली चूक करावी ती क्रॅगली ब्रिजच्याच माणसाने! बाकी जगात लोक वाट बळकावतात, इथले लोक ती सौजन्याने घालवतात.

दोन आठवड्यांनी पेलने डाव टाकला. फाटकाचं कुलूप निघालं आणि नवी पाटी लागली: मालकाच्या कृपेने पादचाऱ्यांना प्रवेश. क्लबात आनंदीआनंद झाला. क्लिफर्डने आभाराचं पत्र खरडलंसुद्धा आणि तो सहीसाठी मेव्हिसच्या दारात आला.

"अर्ज मागे घेऊ या, मेव्हिस. माणूस चांगला निघाला. धावायला मिळतंय ना? मग झालं तर."

"आज मिळतंय. उद्या त्याचं डोकं फिरलं तर?"

"तू प्रत्येकात वाईटच बघतेस."

"मी पाटी बघते. 'कृपेने' म्हणे! ग्लेनिसचा नवरा गेला तेव्हा ती महिनाभर त्या रानात रडत धावली. ती काय कुणाच्या कृपेने रडली? मला त्या क्लबाने नको म्हटलं, त्या दिवसापासून ते रान माझं आहे रे. कागदावर नसेल, पायांत आहे. त्याची भीक मी घेणार नाही."

"भीक कशाला म्हणतेस?"

"देणाऱ्याला परत घेता येते ती भीकच. जा आता, चहा गार होतोय माझा." त्या कागदावर तिने सही केली नाही.

त्यानंतर आठ महिने, सुनावणीच्या दिवसापर्यंत, मेव्हिस त्या उघड्या फाटकातून गेली नाही. बदकंही गेली नाहीत. पुलाशी आली की उजवीकडे वळायची आणि हमरस्त्याच्या कडेने, लॉऱ्यांनी उडवलेला चिखल खात, एकामागून एक घरी यायची. गाव म्हणायचं, बाई हट्टी आहे, स्वतःचंच नाक कापून घेतेय. रात्री गुडघे शेकताना मेव्हिसलाही कधीकधी वाटायचं, आपण या बायकांचे हाल करतोय. वाट गेली तर आपल्यासारखीला ती पुन्हा दिसायची नाही, हेही वाटायचं, आणि तेव्हा तिला खरंच भीती वाटायची. गुरुवार आला की मात्र ती बूट चढवायची.

सुनावणी चर्चच्या हॉलमध्ये झाली. सरकारने नेमलेल्या निरीक्षक बाई समोर बसल्या होत्या. पेलच्या वकिलाने क्लिफर्डची फाईल उघडून सगळी पत्रं सावकाश, गोडीत वाचून दाखवली. मग म्हणाला, "या गावचे धावणारे परवानगीने धावत होते. प्रश्न मिटला."

मेव्हिसची पाळी आली तेव्हा त्याने हसून विचारलं, "मिसेस क्लेग, आपण या पत्रांमधल्या सभासदांपैकीच, नाही का?"

"नाही."

"क्लबच्या सभासद नाही?"

"मला घेतलंच नाही. मी फार हळू धावते." तिने पर्समधून घडी घातलेला कागद काढून निरीक्षक बाईंपुढे ठेवला. "हा नकार. आणि आमच्या एक्केचाळीस जणींचे फॉर्म तुमच्याकडे आहेतच. त्यातली एकही कधी सभासद नव्हती. परवानगी सभासदांना होती. आम्हाला कुणी विचारलं नाही, आम्ही कुणाला विचारलं नाही."

हॉलमध्ये खुर्च्या वाजल्या. वकील सावरून म्हणाला, "म्हणजे चोरून जात होता."

"चोरून? पिवळं बदक छातीवर लावून पंधरा-वीस बायका धापा टाकत जातात, त्यातल्या सहाजणी गातात. म्हातारा होल्डन घराच्या खिडकीत बसून कॉफी प्यायचा. कधी हात हलवायचा."

"आणि आपण त्यांचे आभार मानायचा."

"कशाबद्दल?"

"अहो, साधी सभ्यता म्हणून! चौतीस वर्षांत एकदाही विचारावंसं वाटलं नाही?"

"वाटेला विचारून जातात होय?" मेव्हिस म्हणाली. "उद्धट म्हणायचं असेल तर म्हणा. माझी आईही म्हणायची."

निरीक्षक बाईंनी क्लिफर्डला पुढे बोलावलं. नकाराच्या पत्राखालची सही आपलीच का? शहात्तर वर्षांचा क्लिफर्ड कागद हातात धरून उभा राहिला. त्याचे कान लालबुंद झाले होते. "माझीच," तो म्हणाला. "एकीलाही घेतलं नाही त्यांच्यातल्या. आम्ही त्यांना धावणारे समजतच नव्हतो." मग तो वळला. "मेव्हिस, मला माफ..."

"माफी मागू नकोस," ती तिथूनच ओरडली. "आयुष्यात पहिल्यांदा तुझी चूक कामाला आलीय."

निकाल मार्चमध्ये आला. हॅग वूडची वाट नकाशावर सार्वजनिक म्हणून चढली. फाटक निघालं, पाटी निघाली. पहिल्या गुरुवारी लॉकपाशी सव्वीस बदकं जमली, आणि त्यांच्या मागे, कुणाच्या नजरेला नजर न देता, क्लिफर्ड. त्याला आता मैलाला तेरा मिनिटं लागत होती. त्याने तोंड उघडायच्या आत मेव्हिस म्हणाली, "आमच्यात विचारायची पद्धत नाही. मागे राहिलास तर थांबणार नाही, एवढं लक्षात ठेव."

पुलापाशी ट्रिस्टन पेल उभा होता. हरला तरी माणूस रीतीचा. त्याने बाजूला होऊन हात पुढे केला आणि हसून म्हणाला, "या, या. खुशाल जा."

सवयीने क्लिफर्डचे ओठ हलले. अख्ख्या रांगेतून 'थँक्यू'चा सूर उठणार, तेवढ्यात मेव्हिसने हात वर केला. सगळ्या थांबल्या. तिने पेलकडे शांतपणे बघितलं. तिला राग आला नव्हता, फक्त एवढं चौतीस वर्षांचं काम एका 'खुशाल'ने परत त्याच्या खिशात जाऊ द्यायचं नव्हतं.

"आम्ही विचारलं नव्हतं," ती म्हणाली, आणि चिखलात पाय टाकला.