इंदूबाई पाणी पीत नव्हती

राजूरच्या चुनाभट्टीवर कपिल पंधरा वर्षं कामाला होता. लग्नाचं वय बघता बघता निघून गेलं. बाप वारल्यावर घरात तो आणि त्याची माय इंदूबाई, अशी दोघंच उरली. मागच्या पोळ्याला इंदूबाई न्हाणीत घसरली आणि तिचा खुबा मोडला. ऑपरेशन झालं, पण ती पुन्हा उभी राहिली नाही. तिचं हगणंमुतणं काढणं, अंग पुसणं, लुगडं बदलणं सगळं कपिलच्या वाट्याला आलं.

तो ते मुकाट्यानं करायचा. सकाळी भट्टीवर जायच्या आधी, दुपारच्या सुट्टीत सायकल हाणत येऊन, आणि मग संध्याकाळी. तेवढा वेळ इंदूबाई डोळे गच्च मिटून घ्यायची.

बहीण वैष्णवी मुकुटबनला दिलेली. तिच्याकडं सासरा अंथरुणाला खिळलेला, त्यामुळं महिन्यातून दोन दिवस मिळाले तरी खूप. ती आली की माय पोटभर जेवायची, तांब्याभर पाणी प्यायची. आपल्या हातालाच चव नसेल, असं कपिल समजत होता. त्यानं शेजारच्या विमलताईकडून वरण शिकून घेतलं. तरी माय दोन घासांवर ताट सरकवायची, पाण्यानं नुसते ओठ ओले करायची.

एकदा वैष्णवी गेल्यावर त्यानं पेला तिच्या तोंडाला लावला, तर तिनं दात आवळले. पाणी गळ्यावरून उशीत झिरपलं. तेव्हा कुठं त्याच्या ध्यानात आलं.

"माय, मले तुह्यं धुवा लागते म्हणून तू पाणी पेत नाही काय?"

इंदूबाईनं लुगड्याचा पदर तोंडावर ओढला.

"मले काही वाटत नाही, माय. तू नाही का मले धुतलं?"

"तुले नाही वाटत, बापू," ती म्हणाली. "मले वाटते ना."

त्यानं कामाला बाई पाहिली, ती नवव्या दिवशी सोडून गेली. विमलताईची कंबर धरलेली. पंधरा दिवस तरी ये म्हणून त्यानं वैष्णवीला फोनवर विनवलं. ती रडली, सासऱ्याला कोणावर टाकून येऊ म्हणाली. तिचंही खोटं नव्हतं. शेवटी एका दुपारी त्यानं मायचे गाल दाबून चमच्यानं पाणी पाजलं. तिला ठसका लागला. श्वास जागेवर आल्यावर तिनं पोटच्या लेकापुढं हात जोडले. मग त्यानं पुन्हा जबरदस्ती केली नाही.

चैत्रात तिला ताप भरला, लघवी बंद झाली. दवाखान्यात डॉक्टरनं सगळ्यांदेखत विचारलं, घरात बुढीला कोणी पाणी देत नव्हतं का? मायची लाज चारचौघांत सांगणं कपिलला जमलं नाही.

बारा दिवसांनी ती घरी आली. जीव वाचला, पण शुद्ध काही पुरती परतली नाही. समोर कोण आहे, आपल्या अंगाला कोणाचे हात लागतात, तिला कळत नाही. चमचा टेकला की तोंड उघडते. दिलं तेवढं पिते.

वैष्णवी भेटायला आली तेव्हा मायला पाणी पिताना बघून तिला बरं वाटलं. "सुधरून राह्यली रे माय," ती म्हणाली.

कपिल मान डोलावून "हाव" म्हणाला, आणि मायचं मुताचं लुगडं घेऊन न्हाणीकडं गेला.