सासऱ्यांचं पाणमांजर

माझ्या सासऱ्यांइतक्या गंभीरपणे चित्रांचे सिनेमे पाहणारा माणूस घाटकोपरातच काय, ते सिनेमे जिथे काढतात त्या जपानातही नसेल. कोकणातून येऊन गिरणीत लागलेल्या या गृहस्थांनी हाडामांसाच्या नटनट्यांवर कायमचा बहिष्कार टाकला होता. "माणसां काय, नाक्यार फुकट दिसतत," म्हणायचे. साठ-सत्तरच्या त्या वर्षांत रविवारी सकाळच्या खेळाला अधूनमधून एखादा परदेशी चित्रांचा सिनेमा लागे. थिएटर पोरांनी भरलेलं आणि मधोमध इस्त्रीचा सदरा घालून हे एकटे पन्नाशीचे. पोरं भलत्या ठिकाणी हसली की मागे वळून डोळे वटारत. डोक्यात हातोडे घालून हसवणाऱ्या सिनेमांना ते 'धोपटाधोपटी' म्हणत आणि मध्यंतरात उठून येत. जपानी सिनेमा मात्र जीव की प्राण. त्यातलं अक्षरही कळत नसे, पण त्यामुळेच नीट बघता येतं असं त्यांचं मत होतं. पाणी कसं काढलंय यावरून ते चित्रकाराची लायकी ठरवत, आणि चित्रातल्या भातावर वाफ दिसली नाही तर घरी येऊन सासूबाईंकडे तक्रार करत, जणू तो त्यांनीच रांधला होता.

इथवर ठीक होतं. पण त्यांच्या मुलीला, नलूला, स्थळं येऊ लागली तसे ते कांदेपोहे झाले की मुलाला रविवारच्या खेळाला नेऊ लागले. "लोक पगार विचारतात, हे चित्रं दाखवतात," म्हणून सासूबाई कपाळाला हात लावत. मुलुंडचा एक चांगला बँकेतला मुलगा "काका, हे लहान मुलांचं असतं ना?" असं विचारून बसला. सासऱ्यांनी त्याला प्रेमाने बटाटेवडा खाऊ घातला आणि बसमध्ये बसवून दिलं. बोरिवलीचा तर चक्क घोरला. नलू आणि मी साकीनाक्याच्या एका कारखान्याच्या ऑफिसात शेजारी बसत होतो आणि आमचं मनोमन केव्हाच ठरलं होतं. माझी पाळी आली तेव्हा तिने बजावलं, "हे बघ, बाबा म्हणतील त्याला हो म्हण. अक्कल पाजळलीस तर वाट लागली आपली."

सिनेमा होता एका पाणमांजराच्या पिल्लाचा. डोंगरातल्या ओढ्यात आईपासून सुटून ते वाहत वाहत समुद्राला लागतं आणि शेवटी तिथेच राहतं. मी पाणी वाखाणलं, वाफ वाखाणली, सगळं सुरळीत चाललं होतं. घरी पायी निघालो (मतं बसमध्ये मांडता येत नाहीत म्हणून ते नेहमी चालतच येत) आणि सासरे म्हणाले, "शेवट फसलो. आवशीक इसारला ता! परत जावक नको?" मी हो म्हणायला तोंड उघडलं आणि म्हणालो, "कशाला? आता समुद्रच त्याचं घर नाही का?" मग जे पेटलो ते त्यांच्या दारापर्यंत दोघेही ओरडत. दारात नलू उभी. आमचे आवाज ऐकून बिचारीचा चेहरा उतरला. सासरे चपला काढत सासूबाईंना म्हणाले, "हो जावय चलात. माका भांडूक माणूस व्हयो होतो."

पुढे घरात टीव्ही आला, चित्रं घरबसल्या दिसू लागली, पण दर रविवारी चहाबरोबर आमचं पाणमांजर निघायचंच. ते त्याला डोंगरात पाठवायचे, मी समुद्रात ठेवायचो. नलू म्हणायची, "त्या जनावराला एकदाचं मरू द्या रे."

शेवटच्या आजारपणात एकदा उशाशी बसलो होतो. भिंतीकडे बघत ते हळूच म्हणाले, "तुझाच बरोबर होता. ता दर्यार रवला, ता बरा झाला." इतक्या वर्षांत त्यांनी माझं एक मत मान्य केलं नव्हतं. घाईघाईने म्हणालो, "छे! चुकलंच त्याचं. आई वाट बघत होती ना!" त्यांनी मान वळवली, डोळे वटारले, उशीला रेलून उठून बसले आणि म्हणाले, "तुका काय कळता!" मग अर्धा कप चहा मागून घेतला आणि माझीच बाजू माझ्यापेक्षा झकास लढवली. आत नलू पदराने डोळे पुसत हसत होती.

आता ते नाहीत. रविवारी चहा घेताना मी कधी त्या पिल्लाला डोंगरात पाठवतो, कधी समुद्रात ठेवतो. दोन्ही बाजू मलाच लढवाव्या लागतात, आणि कुठलीही हरली तरी "तुका काय कळता!" म्हणायला समोर कोणी नसतं.