पाव्हणं

नव्वदच्या दशकात मी काटेवाडीत दूध संकलन केंद्रावर फॅट तपासायचे. रांगेत एक म्हातारे असत. मेंढरांमागं गावोगाव फिरणं सोडून, ती विकून त्यांनी इथं गायी घेतल्या होत्या. सगळे त्यांना ‘पाव्हणं’ म्हणत. आमच्याकडे अनोळखी माणसाला आदबीनं अशीच हाक मारतात.

एकदा ते मला म्हणाले, “बाई, बारा वर्षं झाली. घर बांधलं, लेक हितंच दिली. अजून पाव्हणंच व्हय?”

“मग काय म्हणू, पाव्हणं?” मागच्यानं विचारलं. रांग हसली. ते हसले नाहीत.

घरी मी शब्दकोश काढला. पाहुणा हा शब्द संस्कृतातल्या ‘प्राघूर्ण’वरून आला, म्हणजे भटकत आलेला. दुसऱ्या दिवशी त्यांना तसं सांगितलं.

“मग फिरणं थांबल्यावर शब्द सुटाय नगं का?” ते म्हणाले.

मला ते पटलं. तपासणी झाल्यावर मी मोठ्यानं म्हणाले, “आबा, झालं तुमचं. किटली उचला.”

“आबा, सरका की लवकर!” मागचा ओरडला. त्याला फॅक्टरीची पाळी गाठायची होती.

त्या दिवसापासून रांगेत ते आबा झाले.